प्रोग्रॅम न चालवता

दोन याद्या एकापुढे एक जोडून तिसरी यादी तयार करणे हे प्रोग्रॅमिंग शिकताना अगदी सुरुवातीलाच करायला मिळणारे काम आहे. पहिल्या यादीतले घटक एकेक करून उचलायचे, नव्या यादीत ठेवायचे, मग दुसऱ्या यादीचे तेच करायचे आणि कुठे थांबायचे याचा हिशेब ठेवायचा. हे माझे तीन-चार भाषांत लिहून झाले होते, त्यामुळे प्रोलॉग ही तर्कावर आधारलेली भाषा शिकायला घेतल्यावर तेच उदाहरण पुन्हा समोर आले तेव्हा मी ते भरभर वाचून पुढे जाणार होते. पण त्यात आज्ञा अशी एकही नव्हती; फक्त दोन विधाने होती. रिकाम्या यादीला य ही यादी जोडली की य हीच यादी मिळते. आणि ज्या यादीचा पहिला घटक ह आणि उरलेला भाग त आहे, तिला य जोडली की सुरुवातीला तोच ह आणि त्याच्यापुढे त व य यांची जोड अशी यादी मिळते. मी ही विधाने टंकली, दोन याद्या दिल्या, तिसरी मिळाली. इथवर नवल काही नव्हते. मग मी प्रश्न उलटा विचारला: कोणत्या दोन याद्या जोडल्या तर [१, २, ३] मिळते? पडद्यावर एकामागून एक चार उत्तरे आली. रिकामी आणि [१, २, ३]. [१] आणि [२, ३]. [१, २] आणि [३]. [१, २, ३] आणि रिकामी. त्यानंतर आणखी उत्तर मागितले तेव्हा ‘नाही’ असे आले.

यादी तोडण्याचा प्रोग्रॅम मी लिहिलेलाच नव्हता. जोडण्याविषयी जे खरे आहे तेवढेच मी लिहिले होते, आणि तोडण्याविषयी जे खरे आहे ते त्याच दोन वाक्यांत आधीपासून होते. तोपर्यंत प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला द्यायच्या कामांची जंत्री अशी माझी समजूत होती. प्रोग्रॅम हे एक विधान असू शकते, त्याला अर्थ असतो, आणि तो अर्थ यंत्र सुरू होण्यापूर्वीच कागदावर हजर असतो, ही कल्पना मला त्या दिवशी भेटली आणि पुढची सगळी वर्षे मी तिच्याच मागे आहे.

या कल्पनेचा लॉजिक प्रोग्रॅमिंगमधला, म्हणजे तर्काच्या विधानांतून प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीतला, इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९६५ मध्ये ॲलन रॉबिन्सन यांनी रेझोल्यूशनची पद्धत मांडली. यंत्राला तर्क करता यावा म्हणून अनुमानाचे सगळे नियम त्यांनी एकाच नियमात आणले, आणि त्या नियमाच्या पोटात युनिफिकेशन, म्हणजे दोन अर्धवट भरलेल्या रचना एकमेकींशी जुळवून पाहण्याची क्रिया, ठेवली. रॉबर्ट कोवाल्स्की यांनी एडिंबरामध्ये दाखवून दिले की ‘हे आणि हे खरे असेल तर ते खरे’ अशा घडणीच्या विधानांकडे, म्हणजे आल्फ्रेड हॉर्न यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हॉर्न क्लॉजांकडे, प्रोग्रॅम म्हणूनही पाहता येते. मार्सेमध्ये आलँ कोलमेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी १९७२ च्या सुमारास त्यातून प्रोलॉग घडवली. कोवाल्स्की यांनी १९७९ मध्ये या विचाराला एका समीकरणाचे रूप दिले: अल्गोरिदम म्हणजे तर्क अधिक नियंत्रण. काय खरे आहे हे एकीकडे, आणि ते कोणत्या क्रमाने शोधायचे हे दुसरीकडे.

प्रत्यक्षातली प्रोलॉग हे वचन पूर्ण पाळत नाही, हे तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी आधी सांगितले पाहिजे. विधानांचा क्रम बदलला तर तर्काच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, पण प्रोग्रॅम मात्र कायमचा फिरत राहू शकतो. शोधाच्या फांद्या छाटणारा ‘कट’ वापरला की विधानाचा अर्थ नुसता वाचून कळेनासा होतो. युनिफिकेशन करताना एखादी रचना स्वतःच्याच पोटात जात नाही ना ही तपासणीही वेगासाठी बहुतेक ठिकाणी गाळलेली असते. या तडजोडींचा मला राग येत नाही. उलट त्यांच्यामुळेच माझ्या विषयाला, म्हणजे प्रोग्रॅमच्या विश्लेषणाला, काम मिळाले: कुठे ही तपासणी गाळली तरी चालते, कुठे क्रम बदलला तरी काही बिघडत नाही, हे प्रोग्रॅम न चालवता सांगता येईल का?

दुसरी वाट फंक्शनल प्रोग्रॅमिंगची, म्हणजे गणितातल्यासारखी फंक्शने जोडून प्रोग्रॅम लिहिण्याची, आणि ती अधिक जुनी आहे. ॲलोंझो चर्च यांनी १९३० च्या दशकात लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे फंक्शनांविषयीची एक गणिती भाषा, रचला तेव्हा आजच्या अर्थाचा संगणक अस्तित्वातच नव्हता. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्पचे काम सुरू केले; पीटर लँडिन यांनी १९६० च्या दशकात प्रोग्रॅमिंगच्या भाषांकडे लॅम्डा कॅल्क्युलसच्या चष्म्यातून पाहायला शिकवले; रॉबिन मिल्नर यांनी एमएल या भाषेसाठी अशी टाइप-पद्धती दिली की प्रोग्रॅमरने टाइप, म्हणजे मूल्याचा प्रकार, लिहिला नाही तरी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन, तो स्वतः शोधून काढतो. मला मात्र सर्वांत हलवून सोडले ते जॉन बॅकस यांच्या व्याख्यानाने. फोरट्रान ही भाषा घडवणाऱ्या चमूचे प्रमुख असलेल्या या माणसाने १९७७ चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना, आपण ज्या शैलीच्या भाषा जगाला दिल्या त्या शैलीनेच प्रोग्रॅमरच्या विचाराला जखडून ठेवले आहे, अशी मांडणी केली आणि फंक्शने जोडून प्रोग्रॅम बांधण्याची वेगळी वाट पुढे ठेवली. स्वतःच्या सर्वांत यशस्वी कामाविषयी इतक्या गांभीर्याने उभे राहून असे बोलायला फार मोठे मन लागते.

फंक्शनल भाषेतले मला सर्वाधिक प्रिय असलेले तत्त्व शाळेच्या बीजगणितातलेच आहे: समान गोष्टीच्या जागी समान गोष्ट ठेवता येते. एखाद्या नावाचे मूल्य मध्येच बदलत नाही, म्हणून त्या नावाच्या जागी त्याची व्याख्या ठेवली तरी अर्थ तोच राहतो. यामुळे प्रोग्रॅमविषयीचा पुरावा हा प्रोग्रॅमच्याच भाषेत, एकाखाली एक समीकरणे मांडून लिहिता येतो. हॅस्केलसारख्या भाषेत याच्या जोडीला आळशी मूल्यमापन येते, म्हणजे एखादे मूल्य खरोखर लागेपर्यंत ते काढायचेच नाही. हे फार सुंदर आहे, आणि याच सौंदर्याने मला पहिला मोठा धडा दिला. मी एक ते दहा लाख आकड्यांची बेरीज करणारे छोटे फंक्शन लिहिले होते: न हा आकडा शून्य झाला तर आतापर्यंतची बेरीज ब हे उत्तर, नाही तर न एकाने कमी करून आणि ब मध्ये न मिळवून पुन्हा तेच फंक्शन. ते चालवले आणि मेमरी वाढत वाढत गेली. बेरीज होतच नव्हती. ‘नंतर बेरीज करायची आहे’ अशा दहा लाख चिठ्ठ्या एकीला एक टाचून साठत होत्या. मग कंपायलरला विश्लेषणासह, म्हणजे ऑप्टिमायझेशन सुरू करून, तोच प्रोग्रॅम दिला आणि चिठ्ठ्या नाहीशा झाल्या. मूळ प्रोग्रॅमचे एक अक्षरही मी बदलले नव्हते.

कंपायलरला कसे कळले? ॲलन मायक्रॉफ्ट यांनी १९८० मध्ये मांडलेल्या स्ट्रिक्टनेस विश्लेषणात याचे उत्तर आहे, आणि ते मी वहीत हाताने करून पाहिले तेव्हाच मला पटले. आकडे विसरायचे आणि प्रत्येक मूल्याविषयी एकच गोष्ट ठेवायची: शून्य म्हणजे हे मूल्य काढायला गेले तर ते नक्की कधीच मिळणार नाही, एक म्हणजे मिळेल किंवा न मिळेल, सांगता येत नाही. बेरजेला दोन्ही आकडे लागतात, म्हणून बेरीज म्हणजे ‘आणि’. ‘जर-तर’ला अट लागतेच आणि दोहोंपैकी एक फांदी लागते, म्हणून ते ‘अट, आणि यापैकी एखादी’. असे केल्यावर माझे फंक्शन ‘न, आणि (ब किंवा तेच फंक्शन पुन्हा)’ एवढे उरते. सुरुवातीला ते नेहमी शून्य देते असे धरायचे आणि समीकरण फिरवायचे. पहिल्या फेरीत ‘न आणि ब’ मिळाले. दुसऱ्या फेरीत पुन्हा ‘न आणि ब’. बदल थांबला. याचा अर्थ असा की ब कधीच मिळणार नसेल तर उत्तरही कधीच मिळणार नाही, आणि म्हणून ब आताच काढून ठेवला तरी प्रोग्रॅमच्या अर्थाला धक्का लागत नाही. प्रत्यक्ष दहा लाख फेऱ्यांविषयीचे हे सत्य दोन फेऱ्यांत हाती आले होते.

असे काही नेहमीच, प्रत्येक प्रोग्रॅमसाठी अचूकपणे करता येणार नाही हेही तितकेच पक्के ठाऊक आहे. ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या शोधनिबंधापासून येणारा धागा आहे तो: कोणताही प्रोग्रॅम थांबेल की नाही हे सांगणारा प्रोग्रॅम असू शकत नाही. हेन्री गॉर्डन राइस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाने ही भिंत आणखी रुंद केली. प्रोग्रॅम काय करतो यासंबंधीचा कोणताही प्रश्न घ्या. ज्याचे उत्तर सर्व प्रोग्रॅमांसाठी एकच नाही असा प्रश्न असेल तर त्याचे अचूक उत्तर नेहमी देणारी यांत्रिक पद्धत नाही. विद्यार्थिदशेत हे प्रमेय वाचले तेव्हा मला वाटले की प्रोग्रॅमचे विश्लेषण हा विषय इथेच संपला. तो इथे सुरू होतो, हे समजायला मला पॅट्रिक आणि राधिया कूझो यांचा १९७७ चा निबंध वाचावा लागला.

त्या निबंधातल्या ॲबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनचा गाभा शाळकरी उदाहरणातही मावतो. ऋण ३७४ गुणिले ऋण ८२१ किती हे गुणाकार न करताही इतपत सांगता येते की उत्तर धन आहे. आकडे टाकून फक्त चिन्ह ठेवले तर गुणाकाराचे चार-पाच नियम पुरतात. पण बेरजेला तसे जमत नाही: धन अधिक ऋण म्हणजे काय? इथे ‘सांगता येत नाही’ हे उत्तर म्हणून, इतर उत्तरांच्या पंक्तीला बसणारे एक रीतसर मूल्य म्हणून, गणितात घ्यावे लागते. मला या सिद्धांताची जी गोष्ट अजूनही थक्क करते ती हीच. अज्ञानाला त्याने जागा दिली आहे, त्या जागेला नियम दिले आहेत, आणि एक कडक अट घातली आहे: विश्लेषण कमी सांगू शकते, पण जे सांगेल ते प्रोग्रॅमच्या प्रत्येक संभाव्य चालण्याला लागू पडले पाहिजे. या गुणाला साउंड असणे म्हणतात. राइस यांचे प्रमेय अचूक आणि संपूर्ण उत्तर नाकारते. खऱ्याच्या मर्यादेत राहणारे अपुरे उत्तर ते नाकारत नाही.

माझे स्वतःचे संशोधन लॉजिक प्रोग्रॅमांच्या अशाच विश्लेषणात सुरू झाले, आणि तिथे मला ती याद्या जोडणारी दोन विधाने पुन्हा भेटली. या वेळी प्रश्न असा होता: क्ष आणि य यांची जोड झ असेल, तर या तिघांपैकी काय काय पूर्ण भरलेले आहे? पूर्ण भरलेले म्हणजे ज्यात एकही रिकामे चल उरलेले नाही. या क्षेत्रात त्याला ग्राउंड म्हणतात. कंपायलरला हे कळले तर त्याला युनिफिकेशनचा सगळा पसारा मांडावा लागत नाही, नुसती तुलना पुरते. किम मॅरियट आणि हॅराल्ड सोंडरगार्ड यांनी विकसित केलेल्या पद्धतीत यासाठी याद्या, आकडे, नावे सगळे बाजूला ठेवून फक्त ‘भरलेले आहे’ आणि ‘सांगता येत नाही’ यांच्यातले तार्किक संबंध ठेवले जातात. एखादी यादी भरलेली असणे म्हणजे तिचा पहिला घटक आणि उरलेला भाग दोन्ही भरलेले असणे, एवढे एकच सूत्र त्यासाठी लागते.

मी हा हिशेब इथे पूर्ण मांडते, कारण त्याची गंमत नुसते वाचण्यापेक्षा करून पाहण्यात आहे. पहिल्या फेरीत फक्त पहिले विधान वापरायचे: क्ष रिकामी यादी आहे, म्हणजे भरलेली आहे; य आणि झ एकच आहेत, म्हणजे एक भरलेली असेल तेव्हाच दुसरीही भरलेली. दुसऱ्या फेरीत दुसरे विधान घ्यायचे आणि आतल्या जोडीविषयी पहिल्या फेरीत मिळालेले ज्ञान वापरायचे. आतला त भरलेला आहे, म्हणून क्ष भरलेली असणे हे आता फक्त ह वर अवलंबून आहे. आतली जोड य इतकीच भरलेली आहे, म्हणून झ भरलेली असणे हे ह आणि य या दोघांवर अवलंबून आहे. ह च्या जागी क्ष ठेवा: झ भरलेली असते तेव्हाच, जेव्हा क्ष आणि य दोन्ही भरलेल्या असतात. पहिल्या फेरीचा निष्कर्ष या वाक्यात आपोआप सामावतो. तिसऱ्या फेरीत हेच वाक्य आत घालून पाहिले तर बाहेर हेच वाक्य येते. स्थिरबिंदू मिळाला.

‘झ भरलेली असते तेव्हाच, जेव्हा क्ष आणि य दोन्ही भरलेल्या असतात.’ या वाक्याकडे मी त्या दिवशी बराच वेळ पाहत बसले होते. डावीकडून उजवीकडे वाचले तर ते यादी तोडण्याविषयी सांगते: जोड पूर्ण दिलेली असेल तर मिळणारे दोन्ही तुकडे पूर्ण असतील. उजवीकडून डावीकडे वाचले तर ते जोडण्याविषयी सांगते. उलटा प्रश्न विचारल्यावर पडद्यावर आलेल्या त्या चार उत्तरांचे मला जे आश्चर्य वाटले होते, ते सगळे या एका ओळीत होते. आणि ही ओळ चार उत्तरांविषयी नव्हती, जगातल्या कोणत्याही दोन याद्यांविषयी होती. तिच्यात चूक असण्याची शक्यता नव्हती, कारण प्रत्येक पायरीवर आपण फक्त विसरलो होतो, काही रचले नव्हते.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी ज्या विश्लेषणावर काम करत होते, त्यात मात्र मी नकळत काहीतरी रचून बसले. आता मला भरलेल्या चलांबरोबर मोकळी चलेही ओळखायची होती, म्हणजे ज्यांना अद्याप काहीच मूल्य मिळालेले नाही अशी. एखादे चल मोकळे आहे हे नक्की ठाऊक असेल तर त्यात मूल्य लिहिताना आधी काय आहे हे पाहण्याची गरज नसते. कंपायलर सरळ लिहून टाकू शकतो. प्रत्येक चलासाठी मी तीन स्थिती ठेवल्या होत्या: भरलेले, मोकळे, सांगता येत नाही. नियम लिहिले, साउंड असल्याचा पुरावा लिहिला, कंपायलरला जोडले, आणि वेग वाढलेला पाहून मला फार आनंद झाला.

मग तपासणीसाठी मी आठ वजिरांचे कोडे दिले. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांना शह न देता ठेवायचे असतात आणि त्याची उत्तरे ९२ आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या कंपायलरमधून आलेल्या प्रोग्रॅमने त्याहून जास्त उत्तरे दिली. कमी उत्तरे आली असती तर प्रोग्रॅम कुठेतरी अडला असे म्हणता आले असते. जास्त उत्तरे याचा अर्थ, जिथे ‘नाही’ म्हणायचे तिथे यंत्र ‘हो’ म्हणत होते, आणि ते माझ्या प्रमेयाच्या भरवशावर म्हणत होते.

मी तीन दिवस कोडमध्ये चूक शोधत होते. चौथ्या दिवशी पुरावा घेऊन मार्गदर्शकांकडे गेले. सरांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, “यात जिथे जिथे तू ‘उघडच आहे’ असे लिहिले आहेस तिथे तिथे परत जा. बाकीचे नंतर पाहू.” अशा तीन जागा होत्या. दोन खरोखर उघड होत्या. तिसऱ्या जागी मी लिहिले होते की क्ष ला मूल्य दिल्याने इतर चलांच्या स्थितीत फरक पडत नाही हे उघडच आहे.

फरक पडतो. समजा क्ष आणि य दोन्ही मोकळी आहेत आणि प्रोग्रॅमने आधी म्हटले की क्ष आणि य एकच. दोन्ही अजून मोकळीच आहेत; माझे विश्लेषण इथवर खरे बोलत होते. मग प्रोग्रॅमने क्ष ला ५ हे मूल्य दिले. माझ्या नियमाने क्ष ‘भरलेले’ झाले आणि य ‘मोकळे’च राहिले. प्रत्यक्षात य सुद्धा ५ झालेले असते, कारण ती दोन नावे एकाच जागेची आहेत. पुढे प्रोग्रॅमने विचारले, य हे ७ आहे का? उत्तर ‘नाही’ यायला हवे. पण कंपायलरने माझ्यावर विश्वास ठेवून, काहीही न पाहता, त्या जागेवर ७ लिहून टाकले आणि ‘हो’ म्हटले.

एकाच जागेला दोन नावे असण्याच्या या प्रकाराला एलियसिंग म्हणतात, आणि माझी चूक काही नवी नव्हती. जेकब्ज आणि लांगेन यांनी १९८९ मध्येच कोणकोणती चले एकमेकांत वाटेकरी असू शकतात याचे संच जपणारी पद्धत मांडली होती, आणि मी ती वाचलेलीही होती. वाचलेली गोष्ट आपल्या वाक्यात कुठे लागू होते हे दिसणे ही वेगळी पायरी आहे. पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता धरणारी चले, असलेल्या भाषांत हाच प्रश्न इतका बिकट होतो की कोणते दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवतील हे अचूकपणे ठरवणे सामान्यतः अशक्य आहे, असे विल्यम लँडी आणि जी. रामलिंगम यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केले. मी माझ्या तीन स्थितींच्या जोडीला वाटेकऱ्यांचे संच ठेवले, पुरावा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला, आणि विश्लेषण ‘मोकळे’ असे पूर्वीपेक्षा बरेच कमी वेळा म्हणू लागले. वाढलेल्या वेगापैकी मोठा भाग गेला. वजिरांची उत्तरे ९२ झाली.

या क्षेत्रात एक जुना वाद आहे, आणि या अनुभवानंतर माझे मत त्यात एका बाजूला पक्के झाले आहे. विश्लेषणाचे साधन साउंड असावे की उपयोगी असावे? साउंड साधन घाबरट असते. जिथे खात्री नाही तिथे ते धोक्याची सूचना देते, आणि अशा शेकडो सूचनांतल्या बहुतेक खोट्या निघाल्या की माणसे ते वापरणे सोडून देतात. म्हणून अनेक साधने मुद्दाम काही शक्यता सोडून देतात आणि नक्की सापडणाऱ्या चुका तेवढ्या दाखवतात. अशा साधनांनी पुष्कळ चुका पकडल्या आहेत आणि त्यांचे मोल मी कमी मानत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की काय सोडून दिले आहे हे साधनाने लिहून ठेवले पाहिजे. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांची एक अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना ती मावली नाही, आणि त्या ठिकाणी संरक्षण ठेवलेले नव्हते. तो कोड एरियान ४ वरून आला होता. त्या मूल्याला भौतिक मर्यादा आहे किंवा भरपूर वाव आहे, असे धरून ते रूपांतर असुरक्षित ठेवले होते, आणि एरियान ४ च्या मार्गासाठी ते खरेही होते. चौकशीचा तो भाग मी वाचला तेव्हा मला माझ्या पुराव्यातली तिसरी जागा आठवली.

दुसऱ्या बाजूला, साउंड असूनही उपयोगी होता येते याचा दाखला आहे. कूझो यांच्या चमूने घडवलेल्या ॲस्ट्रे या साधनाने २००३ मध्ये एअरबस ए३४० च्या प्राथमिक उड्डाण-नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये, सी भाषेतल्या १ लाख ३२ हजार ओळींमध्ये, संख्या न मावण्यासारखी, चालताना होणारी एकही चूक नाही हे आपोआप सिद्ध केले. हे कोणत्याही जादूने झाले नाही. त्या प्रकारच्या प्रोग्रॅमांत कोणती माहिती विसरली तर खोट्या सूचना येतात हे एकेक करून पाहायचे, आणि नेमकी तेवढीच माहिती जपणारी नवी चौकट बनवायची, असे चिकाटीचे काम त्यामागे होते. काय विसरायचे याची निवड हीच या विद्येतली कारागिरी आहे, असे मला वाटते.

अलीकडच्या काळात लॉजिक प्रोग्रॅमिंग आणि प्रोग्रॅमचे विश्लेषण या दोन्ही वाटा एकत्र येताना मी पाहते आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. डेटालॉग ही प्रोलॉगची साधी, नेहमी थांबणारी बहीण आज मोठमोठ्या जावा प्रोग्रॅमांमधल्या पॉइंटरांचे विश्लेषण लिहिण्यासाठी वापरली जाते. डूप हे त्याचे नावाजलेले उदाहरण. सी किंवा जावामधल्या लूपविषयीचा, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या भागाविषयीचा, प्रश्न हॉर्न क्लॉजांमध्ये उतरवून घ्यायचा आणि मग त्या क्लॉजांचे उत्तर शोधायचे, ही पद्धतही रुळली आहे. ज्या विधानांचे विश्लेषण करायला मी शिकले, त्याच घडणीच्या विधानांत आता इतर प्रोग्रॅमांचे प्रश्न येतात.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थी अशीच दोन विधाने वहीत लिहून घेऊन आला होता. साधा लूप होता: अ आणि ब शून्यापासून सुरू होतात, प्रत्येक फेरीत ब मध्ये अ मिळवायचा, मग अ एकाने वाढवायचा, अ हा न इतका झाला की थांबायचे. प्रश्न असा की ब कधी ऋण होतो का? मी पेन्सिल घेऊन त्याला चिन्हांचा हिशेब करून दाखवला. पहिल्या फेरीत दोन्ही शून्य. दुसऱ्या फेरीत अ शून्य किंवा धन, ब शून्यच. तिसऱ्या फेरीत ब सुद्धा शून्य किंवा धन. चौथ्या फेरीत काही बदलले नाही, आणि मी त्याखाली रेघ मारली.

तो रेघेकडे पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, “मॅडम, हे पूर्णांक गणितातले आहेत की यंत्रातले?”

मी रेघ खोडली. यंत्रातला पूर्णांक चिन्हासह ३२ बिटांचा असेल तर त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. शून्यापासून ६५५३५ पर्यंतची बेरीज २१४७४५०८८०, ती मावते. तिच्यात पुढचा आकडा, ६५५३६, मिळवला की २१४७५१६४१६ होतात, आणि ते मावत नाहीत; तिथे ब ऋण होऊ शकतो. आम्ही पान उलटले, दुसऱ्या विधानात न ची मर्यादा लिहिली, आणि पहिल्या फेरीपासून पुन्हा सुरुवात केली.